तातडीचं काही नाही

"इथे तसं करत नाहीत," हे वाक्य म्हणण्यापूर्वी तो एकदा मागे वळून बघायचा. मागे कुणी इंग्रज उभा नाही याची खात्री झाली की आवाज खाली आणून, समोरच्याच्या कोपराला दोन बोटं लावून हळूच सांगायचा. बोट दाखवणं असभ्य, म्हणून रस्ता सांगतानाही तो अख्खा तळहात पुढे करायचा. पंगतीत यजमान "बसा, बसा" करतात तसा. आम्ही त्याला गुरुजी म्हणत असू. तोंडावर अर्थातच नाही. तोंडावर नावाने हाक मारायची आणि पाठ वळली की हसायचं, असा आमचा शिरस्ता होता.

परदेशात चार दिवस काढलेल्या प्रत्येकाने असा एक माणूस पाहिलेला असतो, तुम्हीही पाहिला असेल. त्या देशात जन्मलेल्यांना जे नियम ठाऊक नसतात, ते याला पाठ असतात. आमचे गुरुजी मूळ सांगलीचे, पण विमानातून उतरताना सांगली सीटखालीच विसरून आलेले. बेसिंगस्टोकच्या आमच्या ऑफिसात पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला 'इथलं' शिकवायचं काम त्याला कुणी दिलेलं नव्हतं. त्याने ते स्वतःच अंगावर घेतलं आणि त्यासाठी सात पानांचं एक पत्रक तयार केलं. नाव दिलं, 'पहिले पंधरा दिवस'. पुण्याहून माणूस निघण्याआधीच ते त्याच्या मेलमध्ये पडलेलं असायचं.

त्या पत्रकात काय नव्हतं! मीटिंगला पाच मिनिटं आधी पोचावं, पण पोचल्यापासून तीन मिनिटं दार ढकलू नये. बोलण्याची सुरुवात हवेपासून करावी, मात्र हवेबद्दल ठाम मत देऊ नये. पगार, वय, मुलं का नाहीत आणि घर केवढ्याला घेतलं, हे विचारू नये. सहानंतर कुणाला फोन करू नये. न सांगता कुणाच्या दारात उभं राहू नये. मेलचं उत्तर आलं नाही तर दोन आठवडे थांबावं आणि मगच आठवण करावी, तीही 'आपण फार कामात असाल याची कल्पना आहे' असं लिहून. डब्यात वास येणारी भाजी आणू नये. कौन्सिलच्या कचऱ्याच्या डब्यांवर तर एक अख्खं पान होतं. त्याचा सारांश असा की डबा बाहेर काढायच्या दिवशी आधी खिडकीतून बघावं, शेजाऱ्याने कोणत्या रंगाच्या झाकणाचा काढलाय, आणि तोच आपण काढावा.

मी पुण्याचा. दुसऱ्याने शिकवलेलं निमूटपणे ऐकून घेणं आमच्या रक्तात नाही. मी ते पत्रक वाचलं आणि त्याला विचारलं, "शिंक आली तर काय करायचं, ते नाही लिहिलंस?" त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "ॲड करतो." खरोखर केलं.

या पत्रकामुळे एकदा मोठी गंमत झाली. त्यात एक नियम होता: स्वतःसाठी चहा करायला उठलात, तर आपला आवाज जाईल तेवढ्या अंतरातल्या सगळ्यांना विचारावं. इथल्या ऑफिसांत ही पद्धत खरोखरच आहे, त्यात गुरुजींची चूक नाही. पण तो नियम वाचून कोथरूडचा एक बिचारा नवीन मुलगा पहिल्याच सोमवारी उठला आणि त्याने आपला आवाज जाईल तितका जाऊ दिला. त्याचा आवाज गणपतीच्या मिरवणुकीत तयार झालेला. अख्ख्या मजल्याने माना वर केल्या. तेवीस जणांनी हो म्हटलं. कुणाला दूध आधी, कुणाला साखर अर्धा चमचा, कुणाला बिनदुधाचा; हा पोरगा कागदावर सगळं लिहून घेऊन अकरा वाजेपर्यंत किटलीपाशी उभा. आमची गोरी मॅनेजर मला म्हणाली की तुमच्या देशातली ही प्रथा फार सुंदर आहे. गुरुजींनी त्याच संध्याकाळी पत्रकात दुरुस्ती केली: 'सहापेक्षा अधिक व्यक्तींना विचारू नये.'

स्वतः गुरुजी हे सगळे नियम कसे पाळतात, हे बघणं हाही एक करमणुकीचा भाग होता. दार उघडलं आणि मागे पन्नास पावलांवर कुणी दिसलं, तरी तो दार धरून उभा राहायचा. त्या बिचाऱ्याला मग उगाचच पळत यावं लागे. कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर सॉरी हाच म्हणायचा. दुपारी टेबलाशी बसून चीजचं गार सँडविच खायचा. घासागणिक चेहरा असा, की शाळेत कुणी शिक्षा म्हणून खायला लावलंय. घरी मात्र हाच माणूस ज्वारीची भाकरी, झुणका आणि कांदा मुठीने फोडून असा जेवायचा की बघणाऱ्याला भूक लागावी. हे मला ठाऊक आहे, कारण मी ते जेवण जेवलोय. नव्या माणसाचं पहिल्या आठवड्यातलं एक जेवण त्याच्या घरी, हा पत्रकात न लिहिलेला नियम होता.

आणि एक सांगतो, मनात नसताना सांगतो. नव्या माणसाला आणायला तो स्वतः हीथ्रोला जायचा. बेसिंगस्टोकहून पहाटे निघायचं, विमान उशिरा आलं तर दोन-दोन तास कठड्याला टेकून उभं राहायचं, मग बसने रीडिंग शहर आणि तिथून ट्रेन. कंपनी टॅक्सी द्यायला तयार होती. हा म्हणायचा, "टॅक्सीवाला त्याला काय सांगणार?" मी आलो तो जानेवारी होता. मी पुण्यातला पातळ स्वेटर घालून ऐटीत बाहेर आलो आणि दारातून वारा लागला तसा गारठून उभा राहिलो. समोर हा. हातात जास्तीचा कोट. "घाल आधी. बोलू नंतर." मापाने मोठा होता. तो कोट मी दोन हिवाळे वापरला आणि त्याच दोन हिवाळ्यांत त्याची नक्कलही बसवली. कोट सैल होता, नक्कल मात्र छान बसली होती.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण ती टाळत टाळतच मी इथवर आलोय.

गुरुजींना इथे येऊन चार वर्षं होत आली होती. पाच पुरी झाली की कायमचं राहायची परवानगी मागता येते. पण त्याचा व्हिसा एप्रिलअखेर संपत होता, म्हणजे मधलं एक वर्ष भरून काढायला मुदतवाढ हवी. त्यासाठी कंपनीने नवं स्पॉन्सरशिपचं पत्र द्यायचं असतं. दरवर्षी कुणा ना कुणाला लागतं, नेहमीचं काम. बायको आणि मुलगी यांचे व्हिसा त्याच्याच व्हिसाला बांधलेले. मुलगी इथल्या अकरावीत, म्हणजे आपल्या दहावीसारखं वर्ष; शाळेची मोठी परीक्षा मेमध्ये सुरू होणार. म्हणजे पत्र आलं नाही, तर पोरीने दोन वर्षं ज्याचा अभ्यास केला ती परीक्षा काही दिवसांवर असताना बॅग भरायची. इतकं साधं होतं ते.

माझ्या स्वतःच्या व्हिसाची मुदत आदल्या वर्षी संपत आली, तेव्हा मी काय केलं होतं? दुसऱ्या मजल्यावर एचआरमधल्या हेलनच्या टेबलापाशी रोज साडेदहाला जाऊन उभा राहायचो. सहाव्या दिवशी तिने मला बघूनच प्रिंटर सुरू केला. गुरुजींना हे कळलं तेव्हा ते आठवडाभर माझ्याशी जरा तुटक वागले.

स्वतःचं काम आलं तेव्हा त्याने जानेवारीत हेलनला मेल लिहिलं. आठ ओळींचं, त्यातल्या पाच ओळी माफीच्या. लगोलग आपोआप उत्तर आलं. त्या दुपारी आम्ही ऑफिसच्या किचनमध्ये चहा करत होतो, तेव्हा त्याने मला सांगितलं.

"हेलनचा ऑटो-रिप्लाय आलाय. मॅटर्निटी लीव्हवर आहे. काही अर्जंट असेल तर दुसऱ्या एका आयडीवर लिहा म्हणते."

"मग लिही की."

"पण ते अर्जंट असेल तर."

"अरे बाबा, तुझा व्हिसा संपतोय!"

"एप्रिलमध्ये. अजून तीन महिने आहेत." त्याने मागे वळून बघितलं आणि माझ्या कोपराला बोटं लावली. "आपलंच काम अर्जंट आहे, असं आपणच कसं म्हणायचं? ती आयडी खऱ्या इमर्जन्सीसाठी असणार. कुणाचा पगार अडकला, कुणाच्या घरी काही झालं. आपलं तातडीचं काही नाही. तिचा इनबॉक्स कुणीतरी बघत असेलच. इथे सिस्टिम असते."

"मग आता काय करणार?"

"केलं ना. बाळाबद्दल अभिनंदन कळवलं."

मला हसू आवरेना. कप खाली ठेवावा लागला. रजेवर गेलेल्या बाईच्या बंद पडलेल्या मेलबॉक्सला हा माणूस अभिनंदन कळवतो! तुम्हीच सांगा, न हसून करतो काय? वॉटफर्डला संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, तिथे मी पुरुषमंडळींत हा किस्सा कोपराला बोटं लावून सांगितला. लोक तिळगूळ खाताखाता ठसकले. मग पुण्याच्या मित्रांना फोनवर सांगितला. मग ऑफिसात. तीन ठिकाणी सांगितला आणि दर वेळी थोडा थोडा वाढवला. दुसरा मजला माझ्या टेबलापासून दोन जिन्यांवर होता. तिथे मात्र सांगितला नाही.

दोन आठवड्यांनी त्याने आठवणीचं मेल पाठवलं, त्याच पत्त्यावर. तेच उत्तर आलं. मग आणखी दोन आठवड्यांनी. फेब्रुवारीत मी त्याला एकदा विचारलं, "आलं का रे पत्र?"

"चालू आहे," तो म्हणाला.

'चालू आहे' म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या व्हिसाचं एकदा विचारावं, दोनदा विचारू नये. हे मी ज्याच्या सात पानांना हसत होतो त्याच्याकडूनच शिकलो होतो, आणि खरं बोलायचं तर ते मला सोयीचं होतं.

मार्चच्या शेवटी हे सगळं बाहेर फुटलं. आमच्या टीममध्ये मृण्मयी नावाची नागपूरची मुलगी होती. गुरुजींच्या बायकोने, वहिनींनी, तिला फोन केला आणि फोनवर नुसत्या रडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मृण्मयी कोटही न काढता सरळ त्याच्या टेबलापाशी आली.

"सर, उठा. वर जाऊन राहिलो आपण."

"मृण्मयी, अपॉइंटमेंट नाहीये. इथे तसं..."

"अपॉइंटमेंट गेली खड्ड्यात. उठता का मी एकटी जाऊ?"

तो उठला नाही. ती एकटी गेली. मग मला राहवेना म्हणून तिच्या मागे मी गेलो. हेलनच्या जागी एक तरुण, गोरागोमटा, अतिशय सभ्य मुलगा बसला होता. मृण्मयीने त्याला आवाज चढवून सगळं सांगितलं. तो तिळभरही चिडला नाही. हेलनचा मेलबॉक्स कुणी बघत नाही, म्हणून तर दुसरा पत्ता दिला होता, असं म्हणाला. कंपनीला वर्षाला ठरावीकच पत्रं मिळतात, यंदाची गेल्याच आठवड्यात संपली. सरकारकडून नवीन मागवता येतील, पण त्याला बरेच आठवडे लागतात, आणि एवढे आठवडे आता उरले नाहीत. पुढच्या दिवसांत त्याने खरंच प्रयत्न केला, अर्ज केला, दोन ठिकाणी फोन केले. जमलं नाही. त्या सकाळी आम्ही खाली यायला निघालो, तेव्हा तो मुलगा मला म्हणाला, "आय डू विश ही'ड सेड समथिंग." त्याने काहीतरी बोलायला हवं होतं.

मी टेबलापाशी आलो तर गुरुजी टाइप करत होते. मी मागून वाचलं. मृण्मयीच्या वागण्याबद्दल एचआरची माफी मागत होता! 'माझी सहकारी नवीन आहे, तिच्या हेतूबद्दल गैरसमज नसावा.' माझं डोकंच फिरलं.

"लाज वाटते का रे तुला?" मी अख्ख्या मजल्यावर ओरडलो. "पोरीची परीक्षा गेली, तुझं घर गेलं, आणि तू सॉरी म्हणतोयस? कुणाला? कशासाठी?"

सगळ्या माना वर झाल्या आणि लगेच खाली गेल्या. त्याने मेल पाठवलं, लॅपटॉप बंद केला आणि म्हणाला, "ओरडू नकोस. तिला इथे अजून नोकरी करायची आहे. तिच्याबद्दल वाईट मत नको व्हायला."

 मला त्याचा भयंकर राग आला होता आणि तो राग अजूनही गेलेला नाही. चार वर्षं ज्यांच्यासमोर चेहऱ्यावरची रेषाही हलू दिली नाही, त्या लोकांना हा इतका घाबरायचा की पोरीच्या भवितव्यापेक्षा त्याला त्यांची दुपार मोडू नये याची काळजी. आणि ते लोक तसे नव्हतेच. हेलनला साडेदहाला माझा त्रास व्हायचा, पण तिने मला कधी हाकललं नव्हतं. हे त्याला कधीच कळलं नाही, कारण तो तिच्यासमोर कधी उभाच राहिला नाही.

ते सगळे पुण्याच्या ऑफिसाकडे परत जाण्याच्या दोन दिवस आधी, रविवारी, मी त्यांच्या घरी गेलो. आधी मेसेज केला, मग गेलो. खोलीभर खोकी. गादी भिंतीला उभी. वहिनी आतून म्हणाल्या, "या भाऊजी, बसा, म्हणजे जागा मिळेल तिथे बसा." त्यांचे डोळे सुजलेले होते. त्यांनी चहा टाकला. गुरुजी फरशीवर बसून पुस्तकांच्या खोक्यावर पत्ता लिहीत होते. अक्षर नेहमीसारखंच सुरेख. मला म्हणाले, "घराचं मीटर रीडिंग उद्या देतो. फोटो काढून पाठवायचा असतो, म्हणजे नंतर वाद नाही."

मुलगी माझ्यासमोर खिडकीत बसली होती. पंधरा वर्षांची, केस घट्ट बांधलेले, बापाचंच नाक. शाळेने तिला सांगितलं होतं की आत्तापर्यंतच्या कामाचे मार्क लिहून देता येतील, पण परीक्षा ती परीक्षाच. पुण्यात कोणत्या वर्गात घेतील, कुणालाच ठाऊक नव्हतं.  ती एकदम म्हणाली, "काका, एक विचारू?"

"विचार की."

"लास्ट इयर तुमचं एक्स्टेंशन झालं ना? एका वीकमध्ये झालं म्हणे. मग बाबांचं लेटर अडकलंय, हे तुम्हाला माहीत नव्हतं का?"

आत भांड्याचा आवाज थांबला.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो, ते मला अजून माहीत नाही. जानेवारीतलं ते किचन, तो चहा, हळदीकुंकवातलं ते हसणं, सगळं एकदम समोर आलं. पण माझ्याआधी तो बोलला. पेन खाली न ठेवता, खोक्यावरची मान वर न करता, अगदी सहज.

"काकांना कसं माहीत असेल? मी कुणालाच बोललो नव्हतो. मृण्मयीकडून कळलं तेव्हा तेही लगेच वर गेले होते."

मुलीने माझ्याकडे बघितलं. खरं काय, ते माझ्याकडून ऐकायचं होतं तिला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पिनकोडचे आकडे तो एकेक करून लिहीत होता. मला वाटतं, त्याने मुद्दामच वर बघितलं नाही. नजरानजर झाली असती तर मला खोटं बोलता आलं नसतं.

"हो," मी म्हटलं. "मला फार उशिरा कळलं."

"ओके," मुलगी म्हणाली, आणि खिडकीतून उतरून वडिलांच्या शेजारी बसली, खोक्याला टेप लावायला.